इंदूचा चेलो

फोन आला तेव्हा मी मुलाबरोबर वसमतच्या मोंढ्यात होते. आमच्या हळदीचा सौदा नुकताच झाला होता. मामेभाऊ रमेशचा आवाज त्या गलक्यात नीट ऐकूच येईना. "अक्का, आपली इंदूताई गेली... झोपेतच गेली म्हणून राहिलेत मुंबईचे लोक." मी विचारलं, "कोण इंदू?" जणू आमच्या घरात दुसरी कुणी इंदू होती.

इंदू माझी मामेबहीण, रमेशची थोरली बहीण, माझ्याच वयाची. वसमतजवळच्या आमच्या गावात जन्मली आणि मुंबईतल्या एका मोठ्या वाद्यवृंदात चेलो वाजवण्यात तिचं आयुष्य गेलं. चेलो हे व्हायोलिनच्या जातीतलंच, पण माणसाच्या छातीएवढं उंच वाद्य. खुर्चीवर बसून, गुडघ्यांमध्ये धरून गजानं वाजवतात. आवाज खोल, भरदार. मामी लवकर वारल्या, म्हणून इंदूला तिच्या मावशीनं पुण्याला शिकायला नेलं. तिथल्या मिशनरी शाळेत संगीताचे सर गोव्याचे होते. गावात ज्या लांब हातांवरून तिला सगळे चिडवायचे, तेच हात बघून त्यांनी तिच्या पुढ्यात चेलो ठेवला.

मॅट्रिक होताच मामांनी हिंगोलीचं एक स्थळ पाहिलं आणि तिला आणायला ते पुण्याला गेले. नेमका त्या संध्याकाळी शाळेचा कार्यक्रम होता. दोन दिवसांनी मामा एकटेच परत आले आणि आमच्या अंगणात बसून माझ्या आईला सांगू लागले, "आक्के, एवढं मोठं ते वाद्य, अन् पोरगी त्याला लेकरावानी जवळ घेऊन बसलेली. समदे गपगार. मला वाटलं, हिला काहून न्यावं आता गावाकडं?" स्थळाला नकार कळवायलाही ते स्वतःच गेले.

पुढं इंदू मुंबईला गेली. दिवसा सिनेमाच्या गाण्यांची ध्वनिमुद्रणं आणि संध्याकाळी वाद्यवृंदाची तालीम. हळूहळू ती चेलोवाल्यांच्या पहिल्या खुर्चीवर पोचली. त्या खुर्चीवरच्या माणसाचा गज जसा चालेल तसे मागच्या सगळ्यांचे गज चालतात. कुणी नवलानं विचारलं, "हिंगोलीकडची बाई आणि चेलो?" तर ती शांतपणे म्हणायची, "आमच्याकडं कान न्हाईत व्हय माणसांना?" आपण कुठून आलो याचं तिनं कधी भांडवल केलं नाही, आणि ते कधी लपवलंही नाही.

पन्नाशी ओलांडल्यावर रिक्षाच्या अपघातात तिच्या डाव्या हाताला काच लागली. अनामिकेची शीर तुटली. बोट वाकेल, पण तारेवर दाबायचा जोर येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. वाद्यवृंदातल्या लोकांनी आपुलकीनं सुचवलं, आता मुलांना शिकवा. इंदूनं पहिली खुर्ची आपणहून सोडली, चेलो घेतला आणि ती थेट गावी आली. सबंध हिवाळा ती आखाड्यावर, म्हणजे मामांच्या शेतातल्या खोलीत राहिली. अनामिकेचं काम मधल्या बोटाला आणि करंगळीला वाटून देत तिनं एकेक रचना नव्यानं बसवली. बाहेर हळद खणणाऱ्या बायका, आत ही. रमेश वैतागायचा. "ताई, सकाळपासून तेच ते किती वाजवून राहिलीस?"

"बराबर यीपर्यंत."

एकदा मी घाबरत विचारलं, "इंदे, न्हाई जमलं तर?"

"तर न्हाई जमलं. पण ते माझ्या हातानं मला सांगू दे ना. दुसऱ्यानं काहून सांगावं?"

परत गेल्यावर तिनं एकच मागणी केली, नव्या उमेदवारांसारखी माझी परीक्षा घ्या. ही परीक्षा पडद्याआडून होते. कोण वाजवतंय ते परीक्षकांना कळत नाही. पावलांच्या आवाजावरून कुणी ओळखू नये म्हणून इंदू अनवाणी गेली. तिला कुणाची दया नको होती. दुपारी तिचा फोन आला. "अक्के, घेतलं मला... मागच्या रांगेत. पण घेतलं." तेवढी मोकळी हसताना मी तिला लहानपणानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानंतर हिंगोलीच्या एका कॉलेजच्या सभागृहात तिनं एकटीनं वाजवलं. गावातून दोन टेम्पो भरून माणसं आली होती. पहिली रचना संपली तरी कुणी टाळी वाजवेना. संपली हेच कुणाला कळलं नव्हतं. मग मागून आवाज आला, "ताई, हेच फिरून एकदा होऊ द्या!" तिनं ते पुन्हा वाजवलं. थकलेले मामा पहिल्या रांगेत ताठ बसून होते. त्यांचं लक्ष मंचाकडं कमी आणि मागं जास्त, सगळे ऐकतायत ना ते बघत.

आता तिचा चेलो तिच्याच एका विद्यार्थिनीकडं आहे, रोज वाजतो आहे. ते योग्यच झालं. गेल्या आठवड्यात मी आखाड्यावर गेले होते. रमेशची बायको सुमन शेणानं खोली सारवत होती. खिडकीजवळच्या जमिनीत बोट जाईल एवढी पाच-सहा भोकं आहेत. चेलोच्या बुडाला लोखंडी सुळका असतो, त्याची ती भोकं. त्या हिवाळ्यानंतरही दर मे महिन्यात गावी आली की इंदू तिथंच वाजवत बसायची. रमेश म्हणाला, "औंदा इथं फरशी टाकून घ्यावी म्हणतो."

सुमननं मान वर केली नाही. भोकांच्या कडेकडेनं हात फिरवत म्हणाली, "फरशी नको. ताईचा चेलो घसरतो."

घसरतो, म्हणाली. घसरायचा नव्हे. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवताना पोरांच्या वाक्यांतले काळ सुधारले... तिचा तसाच राहू दिला.