साडूंना दिलेल्या कॅप्सूल

चूक माझी होती, आणि करताना मला तिचा अभिमान वाटला होता, हे आधीच सांगतो. देवासच्या आमच्या साडूंइतका विश्वास टाकणारा माणूस अख्ख्या माळव्यात नसेल. मी धारला राहतो, पीथमपूरच्या औषध कारखान्यात पॅकिंग बघतो. खोक्यावर लेबल सरळ लागलं की नाही, एवढंच माझं औषधांचं ज्ञान. पण साडू मला माळवी ढंगात ‘डॉक्टर भिया’, म्हणजे डॉक्टरभाऊ, म्हणत. खऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी फोनवर वाचून दाखवत आणि मी ‘चालेल’ म्हटल्यावरच गोळी गिळत. एकदा तर शेजाऱ्यांच्या गाईचं जंतांचं औषधही त्यांनी माझ्याकडून पास करून घेतलं. तब्येतीची धास्ती एवढी की चहात हळद आणि पोह्यांवर शेवेऐवजी आवळ्याचा कीस. पाहुण्यांची सुटका नाही. हे सगळं गालात सुपारी धरून. सोडा म्हटलं तर म्हणत, “अरे भिया, मग आवळा कशासाठी खातो मी?”

त्याच गालात गाठ निघाली. इंदूरला किरणांचे शेक सुरू झाले. “डॉक्टर भिया, ताकदीचं काही आहे का?” त्यांनी विचारलं. आमच्याकडे पॅक होणाऱ्या अँटिऑक्सिडंट कॅप्सूल मी नेऊन दिल्या. डबीवर ‘पेशींचं रक्षण’ असं छापलेलं होतं. “तिकडे डॉक्टरांना सांगायची गरज नाही,” हेही मीच म्हणालो.

शेक संपले तरी गाठ पुरती विरली नाही. आणखी काही घेत होता का, असं इंदूरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर साडूंनी कौतुकानं डबी पुढे केली. “घरचीच आहे, आमच्या भियानं दिली.”

बाई शांतपणे म्हणाल्या, “शेकापासून वाचायला पेशी स्वतःची एंझाइम वापरतात. निरोगी पेशी वापरतात, तशा गाठीतल्याही. काही गाठी त्यांच्याच जोरावर तगतात. त्यात तुम्ही वरून मदत पाठवली. ती कुणाला पोचली, मी कसं सांगू? यानंच गाठ राहिली असं म्हणणार नाही. नाही असंही म्हणवत नाही.”

ऑपरेशनमध्ये गाल आणि थोडा जबडा गेला. मी कितीतरी दिवस देवासला जायचं टाळलं. गेलो तेव्हा साडू चमच्यानं पेज घेत होते. मेव्हणी माझ्याकडे न बघता म्हणाली, “डॉक्टरांना एकदा विचारायचं तरी होतं!” साडूंनी हात वर करून तिला थांबवलं आणि त्या अर्धवट तोंडानं कसंबसं म्हणाले, “राहू दे. भुकेला आला असेल. पोहे कर.”

ती आत गेली. मी त्यांच्या पलंगाशी खाली बसलो.

“दादा, मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. तसं म्हणायची लाज वाटली. मला माफ करा.”