साईडची पंगत

अन्वी आणि राहुल,

नेहमीच्या वापरातला एक इंग्रजी शब्द घ्यायचा आणि आपल्या घरची माणसं तो कसा वापरतात ते लिहून आणायचं, असं अन्वीला शाळेत सांगितलं आहे. तिने ‘साईड’ निवडला आणि मला फोन केला, “आजी, तुमच्याकडची यादी पाठव ना.” मलकापुरात मी आयुष्यभर मुलांना इंग्रजीच शिकवलं, तेव्हा यादी करणं मला अवघड नव्हतं. पण यादी करता करता मी मोताळ्यापलीकडच्या एका गावी जाऊन आले, आणि आता नुसती यादी पाठवणं मला जमणार नाही. घरी आल्यावर वाटलं होतं, चार दिवसांनी राग ओसरेल, मग लिहू. ओसरला नाही, म्हणून आज बसले आहे. घडलं तसं क्रमानं सांगते. बाबांकडून वाचून घ्या, आणि त्याला मधले परिच्छेद गाळू देऊ नका.

गावी जायचं कारण वंदना. ती माझ्या दिवंगत भावाची मुलगी, त्या गावात अंगणवाडी सेविका आहे. ‘आत्या, थंडीत या, वांगी मस्त निघाली’ असा तिचा निरोप होता.

मलकापूरच्या स्टँडवर एसटीत चढले तोच कंडक्टर म्हणाला, “माय, जराशा साईडले सरका, मांगची मानसं लोंबून राह्यली.” पहिला अर्थ मिळाला, म्हणून मी खुशीत सरकले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. बायका कमरेला ओटी बांधून वेचत होत्या. तुरीला फुलं आली होती. मोताळ्यात आठवडी बाजार होता. तिथे एक मिरचीवाला दुसऱ्यावर ओरडत होता, “तुह्यी साईड तिकडं हाय बे, माह्या तोंडापुढं काऊन (का) मांडून राह्यला?” हा दुसरा अर्थ. मी त्या पहिल्याकडूनच मिरच्या घेतल्या.

पुढे ऑटो केला. ऑटोवाला शेतकरी निघाला. “मेन शेतीच हाय आजी, ऑटो आपला साईडनं,” म्हणाला. गावाच्या अलीकडे समोरून ट्रक आला. ट्रकवाल्याने काच खाली करून “साईड दे बे” अशी आरोळी ठोकली आणि आमचं एक चाक खचलेल्या साईडपट्टीवरून खाली गेलं. माझ्या मिरच्या मातीत. ऑटोवाला खाली उतरून चाकाकडे बघत राहिला आणि म्हणाला, “पाह्यलं? मोठ्या गाडीले कोनी साईडले व्हा म्हनत नाही.” तेव्हा मी हसले होते. दोन मोटरसायकलवाले थांबले, त्यांनी ढकललं आणि आम्ही निघालो.

संध्याकाळी वंदनाला माझी यादी वाचून दाखवली. ती गवार मोडत बसली होती. ऐकून म्हणाली, “चांगली हाय. पन आमच्या गावातली साईड राह्यली त्याच्यात. उद्या भंडारा हाय, चला माह्यासंगं.”

भंडारा म्हणजे साऱ्या गावाचं जेवण. घरोघरून पीठ, डाळ, गोवऱ्या जमा होतात. वंदनाने तिच्या वावरातली (शेतातली) दोन पोती वांगी दिली होती. आदल्या दिवशी माणसं येऊन पाठीवर घालून घेऊन गेली. पण दरवर्षी आपल्या बौद्ध वस्तीतली माणसं शाळेच्या भिंतीलगतच्या टिनाच्या शेडखाली बसतात, गावाच्या पंगती उठल्यावर. जुन्या काळी याला जी नावं होती ती आता कुणी घेत नाही. आता म्हणतात, ‘तुम्ही साईडले बसा.’

“वांग्याले कोनी साईडले ठेवलं नाही,” वंदना म्हणाली. “त्याईच्या लेकराइले पोलिओचे थेंब मी पाजतो, वजन मी करतो. या वर्षी मी पंगतीत बसतो, आत्या. तुम्ही नाही आल्या तरी बसतो.”

मी गेले.

मारुतीसमोरच्या पटांगणात धूर दाटला होता. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजतात, मग राख झटकून, फोडून, वरणात कुस्करतात. सोबत वांग्याची झणझणीत भाजी. तुम्हाला तो वास पाठवता आला असता तर पाठवला असता.

बायकांची पंगत बसत होती. आम्ही दोघी ओळीत जाऊन बसलो, पत्रावळ्या पुढे ओढल्या. वंदनाच्या पलीकडे यमुनाबाई, बरंच वय झालेल्या, गावातल्या जुन्या जमीनदार घरातल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, पदर सावरला, पण सरकल्या नाहीत.

व्यवस्था सुधाकरकडे होती. तो माझा विद्यार्थी. मलकापूरच्या बाजारात भेटला की भर रस्त्यात पाया पडतो. इथे त्याने लांबूनच हात जोडले.

“मॅडम, तुमची सोय साईडले केली हाय. खुर्च्या हायेत, पंखा हाय. इथं उन्हात कशाले बसता?”

“सगळ्या उन्हात बसल्या आहेत. मीही बसते.”

“गैरसमज नका करू, मॅडम. तसं काहीच नाही आता. फक्त सोयीसाठी साईडले.”

“सुधाकर, हा शब्द तुला मी शिकवला. फळ्यावर चौकोन काढला होता, त्याच्या चार बाजू तुझ्याकडून मोजून घेतल्या होत्या. ही पाचवी तू कुठून काढलीस?”

मागून कुणी बाई हसली, “मास्तरीनबाई हाय रे बाप्पा, जपून.” सुधाकर वाढप्यांकडे गेला.

मग वाढप सुरू झालं. रोडगे आले, आमच्यापाशी येऊन पुढे गेले. वरण तसंच, भाजी तशीच. वाढप्यांपैकी एकानेही वाकडा शब्द काढला नाही. आम्ही तिथे नसल्यासारखे ते बादली घेऊन चालत राहिले. डावीउजवीकडच्या बायका जेवू लागल्या. वंदनाने हात मांडीवर ठेवले होते. मी तिचा हात धरला नाही, धरला असता तर मलाच रडू आलं असतं.

आता आपल्याकडची एक रीत सांगते, ती तुम्हाला ठाऊक नसेल. पंगत एकदम बसते आणि एकदम उठते. शेजारच्या पानावरचं संपलं नसेल तर आपलं संपलं तरी बसून राहायचं. एकट्यानं उठणं म्हणजे पंगत मोडणं, त्याचं पाप समजतात. वंदना याच रीतीवर भरवसा ठेवून बसली होती, हे मला तेव्हा कळलं.

सगळ्यांची जेवणं झाली. कुणी उठेना. मागे पुढची पंगत ताटकळत उभी. त्यातली एक चिडून म्हणाली, “अवो, आम्हालेही भूक हाय. वाढा न त्याईले, नाहीतं उठवा.”

सुधाकर म्हणाला, “झालं, झालं. उठा सगळ्या.”

दोघीतिघी अर्ध्या उठल्या आणि यमुनाबाईंकडे बघून परत टेकल्या. यमुनाबाई हलल्या नव्हत्या.

“आजी, उठा न,” सुधाकर म्हणाला.

“उठू कशी? बाजूची उपाशी हाय.”

“तुम्ही त्याईची साईड घेता काय?”

“मी कोनाची साईड घेत नाही. मले या वंदीचं काही कौतुक नाही. पन भरल्या पंगतीत उपाशी मानूस ठेवून आजलोक उठली नाही, आता मरताना उठू काय? वाढ रे त्याईले.”

वाढलं. कसं वाढलं तेही लिहिते. वाढप्याने पळी हातभर उंच धरली, पत्रावळीच्या जवळ येऊ दिली नाही. वरण माझ्या लुगड्यावर उडालं. वंदनाचा रोडगा वरून टाकला, तो घरंगळून मातीत गेला. तिने उचलला, फुंकला, फोडला आणि खाल्ला. सगळा खाल्ला. भाजी चांगली झाली होती. वांगी तिच्या वावरातली होती.

मग पंगत उठली. हात धुऊन मी मागे वळून पाहिलं. पुढची पंगत बसली होती. मघाची वाट बघणारी गर्दी, गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. फक्त आम्ही दोघी बसलो होतो तेवढी जागा रिकामी होती. तिथे बसू नका असं कुणी सांगितलं नव्हतं. दोन बायका उभ्या राहिल्या, पण त्या जागेत बसल्या नाहीत.

परतताना मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता पोलीस स्टेशनला जाऊ. वंदना म्हणाली, “कायदा मले माहीत हाय, आत्या. पन सांगू काय? शिवी देली नाही. जातीचं नाव घेतलं नाही. जेवाले वाढलं. खुर्ची देली, पंखा देला. साईडले बसा म्हनलं, एवढंच.”

मुलांनो, मला राग आहे तो याचा. जुना शब्द तोंडातून निघाला की बोलणाऱ्याला धरता तरी यायचं. माझ्याच वर्गात शिकलेला हा शब्द स्वच्छ आहे. त्याने माणसाला उचलून भिंतीजवळ नेऊन ठेवलं तरी त्याच्यावर डाग पडत नाही. आणि तो शिकवताना मी मुलांच्या वह्यांवर लाल शाईने ‘छान’ लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी वंदना मला मोताळ्याच्या गाडीवर सोडायला आली. खिडकीतून मी विचारलं, “पुढच्या वर्षी?”

“दोघींची जागा सुटली न? पुढच्या साली दहा जनी नेतो. पाहू किती जागा सोडतात.”

कंडक्टर म्हणाला, “बाई, साईडले व्हा, गाडी निघून राह्यली.” ती झाली नाही. गाडीनेच तिला वळसा घातला.

अन्वी, शाळेच्या कामाला वरचे अर्थ पुरतील. सरकणं, बाजारातली जागा, जोडधंदा, रस्त्याची कड, पक्ष घेणं. पण तू मागे विचारलं होतंस, ‘आजी, जुनं ते सगळं आता गेलं ना?’ त्याचं उत्तर मी तेव्हा टाळलं होतं, ते आज देते. त्या गावात दोन माणसांची जागा अजून सोडली जाते. आणि वंदना त्याच गावात राहते.