'लाऊड पेगी'चा शेवट

अर्लीन हाव्रानेकला हरायची सवय होती. गप्प बसायची नव्हती.

दर फेब्रुवारीत अमेरिकेतलं एरी सरोवर गोठून पांढरं पडायचं, काठच्या गावात बर्फ उपसण्यापलीकडे काही काम उरायचं नाही, आणि मग एका शनिवारी दुपारी स्लोव्हाकियातून आलेल्या लोकांनी बांधलेल्या स्लोव्हाक हॉलच्या बारमध्ये वाद पेटायचा. आजवरचा सगळ्यात थोर रॉक अँड रोल सिनेमा कुठला? प्रत्येक सिनेमाच्या नावाने लोणच्याची एक रिकामी बरणी मांडलेली. भाषणं झाली की ज्याने त्याने आपल्या बिअरच्या बाटलीचं झाकण हव्या त्या बरणीत टाकायचं. जिंकणारा सिनेमा पुढच्या शनिवारी वरच्या मोठ्या सभागृहात सगळ्यांनी मिळून पाहायचा, आणि मग त्याचं नाव बारमागच्या फळीवर रंगवायचं. एवढाच मान. पण त्या मानासाठी सख्ख्या भावांनी एकमेकांशी ईस्टरपर्यंत अबोला धरल्याचं गावाने पाहिलं होतं.

अर्लीनच्या बरणीत दर वर्षी दोन झाकणं पडायची. एक तिचं आणि एक मार्जचं. मार्ज तिच्या बँडची ड्रमर, म्हणजे ते घरचंच मत.

अर्लीनचा सिनेमा होता 'लाऊड पेगी'. काळा-पांढरा, स्वस्तातला, कुठल्याही यादीत नसलेला. डबाबंद फळांच्या कारखान्यातली पेगी गहाणवटीच्या दुकानातून एक विजेची गिटार उचलते आणि मुकादमाच्या मुलाशी ठरलेलं लग्न तोंडावर आलेलं असताना एका बँडमध्ये घुसते, अशी गोष्ट. "लोक आइस्क्रीम आणायला उठायचे तो सिनेमा," असं स्टॅन कुबिक त्याला म्हणायचा. स्टॅन गावातला निवृत्त विमा एजंट, आणि त्याची भक्ती एका तीन तासांच्या मैफलीच्या चित्रणावर होती. डेनी फुर्लानचा सिनेमा पोलाद कारखान्यातल्या पोरांच्या बँडचा. डेनी स्वतः तिथला क्रेनवाला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी अजून क्रेनवरून खाली ओरडल्यासारखा बोलायचा. दर वर्षी अर्लीन बोलून खाली बसली की डेनी उभा राहायचा आणि 'लाऊड पेगी'च्या चिंध्या करायचा. गाणी बेसूर, नट लाकडी, गोष्ट पोरकट. बाकीचे कोपराने एकमेकांना ढोसायचे. कारण एकेकाळी अर्लीनचं लग्न या डेनीशी ठरलं होतं आणि तिने ते मोडलं होतं. प्रकरण इतकं जुनं झालं होतं की त्यावर आता विनोदही होत नसत. फार तर फेब्रुवारीत.

ते मोडलं त्या उन्हाळ्यात अर्लीन सतरा वर्षांची होती आणि गावाबाहेरच्या ड्राइव्ह-इन थिएटरात खाण्याच्या टपरीवर कामाला होती. गाड्या मैदानात रांगांनी उभ्या राहायच्या, खिडकीला आवाजाचा डबा अडकवायचा आणि समोर आभाळाएवढा पडदा. टपरी बरोबर मधोमध. फ्राइज तळता तळता अर्लीनला खिडकीतून सगळा सिनेमा दिसायचा, फक्त शेवट सोडून. शेवटचं रीळ लागलं की मालक शटर खाली ओढायला लावायचा. आत तळणीची कढई घासायची, आणि सिनेमा ऐकायचा तो भिंतीवरच्या डब्यातून.

'लाऊड पेगी' आठवडाभर चालला. रोज अर्लीनने पाहिलं: पांढऱ्या झग्यातली पेगी चर्चच्या दारात थबकते, रस्त्यापलीकडच्या हॉलमधून बँड वाद्यं लावत असल्याचा आवाज येतो, पेगी दोन्ही हातांनी झगा गुडघ्यापर्यंत उचलते आणि पळत सुटते. तेवढ्यात शटर. मग डब्यातून आरडाओरडा, आणि मग गिटार. नुसती गिटार, मागेपुढे कोणी नाही. अशी की अर्लीनच्या हातातला तारेचा चोथा हातातच राहायचा. बाहेर गाड्या भोंगे वाजवत असायच्या आणि आत ती कढईवर वाकून रडत असायची.

रविवारी तिने डेनीला अंगठी परत दिली. सोमवारी आईने हौसेने घेऊन दिलेलं अ‍ॅकॉर्डियन दुकानात देऊन गिटार आणली. आई वर्षभर तिच्याशी बोलली नाही. जेवणाचं ताट समोर आदळायची, त्यात मात्र बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगी नेहमीइतक्याच असायच्या. अर्लीनने पुढे शाळेची पिवळी बस चालवून पोट भरलं आणि शनिवार-रविवार 'फ्रायडे फिश' नावाचा बायकांचा बँड चालवला. स्वतः लग्न केलं नाही, पण याच सभागृहात अर्ध्या गावाच्या लग्नांत वाजवलं. एकदा जवळच्या सँडस्की शहरातल्या एका क्लबवाल्याने तिच्या खांद्यावरून मागे पाहत विचारलं होतं, "गिटारवाला कुठाय?" ती म्हणाली होती, "घरी स्वयंपाक करतोय," आणि वायर जोडली होती.

यंदाच्या फेब्रुवारीत तिने डाव बदलला. गाण्यांचं कौतुक नाही, पेगीचं नाही. तिने फक्त विचारलं, की बाबांनो, तुमच्या सिनेमाचा शेवट काय होतो तेवढा सांगा. स्टॅन उठला, खाकरला आणि म्हणाला की शेवटी गाणं संपतं. बार हसला. दुसऱ्या एकाने आपला शेवट सांगायला घेतला तर त्याची बायकोच म्हणाली, की तुला कुठून माहीत, आपण दोघं मागच्या सीटवर होतो. आता हसण्याला धरबंध राहिला नाही. या गावाने आपले थोर सिनेमे धुरकटलेल्या काचांच्या आड पाहिले होते, आणि बहुतेकांचं लक्ष पडद्याकडे नव्हतं.

"तुझ्या पेगीचं काय होतं ते तूच सांग ना," स्टॅन चिडून म्हणाला.

अर्लीनने सांगितलं. चर्चचं दार, झगा, धाव. मग ती स्टेजवर कशी चढते, झग्यावरच गिटार कशी अडकवते, आणि नवरदेव, पाद्री, मुकादम सगळे दारात उभे राहून बघत असताना कशी वाजवते. इतकी वर्षं तिने हे इतक्यांदा सांगितलं होतं की त्यातलं पाहिलेलं किती आणि ऐकलेलं किती, हे तिचं तिलाही वेगळं करता आलं नसतं. कोणीतरी झाकण हातात घेतलं.

नेहमीप्रमाणे डेनी उभा राहिला, पण यंदा त्याचा आवाज क्रेनवरून नाही, खालूनच आला.

"यंदा नको, अर्लीन. दुसरं काही दाखवू. हवं तर मी माझं मत मार्जच्या सिनेमाला देतो."

"मार्जचा सिनेमाच नाहीये."

"मग काढ म्हणावं एखादा."

"एवढा का घाबरतोस रे? पेगी काय पडद्यातून उतरून चावणारे तुला?"

डेनी खाली बसला आणि आपल्या मगात बघत राहिला. अर्लीनची बरणी काठोकाठ भरली. जुना राग, तिने मनात म्हटलं, आणि तिला बरंही वाटलं.

पुढच्या शनिवारी दुपारी वरचं सभागृह भरलं. मार्जच्या भाचीने कुठूनशी सिनेमाची तबकडी पैदा केली होती. घडीच्या खुर्च्या, मांडीवर कागदी ताटल्या, कांद्यात परतलेल्या पिरोगींचा वास. अर्लीन पहिल्या रांगेत, लाल जाकीट घालून. पेगीचे संवाद ती ओठांतल्या ओठांत म्हणत होती आणि मागून पोरं हसत होती, पण सिनेमा लोकांना आवडतोय हे पाठीला कळत होतं.

चर्चचं दार आलं. पेगीने झगा उचलला. पेगी धावली. अर्लीनची बोटं खुर्चीच्या कडेला घट्ट झाली, कारण आता शटर पडलं नाही.

पेगी हॉलमध्ये शिरली. स्टेजवर चढली. गिटार उचलली. आणि मागोमाग धापा टाकत आलेल्या नवरदेवाच्या गळ्यात तिने ती अडकवली. त्याला, म्हणे, लहानपणापासून वाजवायचं होतं. तो वाजवायला लागला. तोच तुकडा, तेच सूर, आणि पेगी खाली पहिल्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती. शेवटच्या दृश्यात गिटार स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेली आणि पेगी पातेलं ढवळतेय. समाप्त.

दिवे लागले. मग स्टॅन म्हणाला, "अर्लीन, पेगीने तर थेट चूलच गाठली की."

हशा उठला. तो दुष्ट नव्हता, पण मोठा होता. स्टॅनने लगेच मुद्दा काढला, की शेवट खोटा सांगून मतं घेतली, तेव्हा बरणी रद्द. फळीवर नाव रंगवायचं नाही. वादाचा पंच म्हणजे बार सांभाळणारा वॉल्ट मिझिक. तो कान खाजवत म्हणाला की स्टॅनचं म्हणणं अगदीच चूक नाही, आणि अर्लीनने आपणहून नाव मागे घेतलं तर बरं होईल.

अर्लीन उठली.

"खोटं नाही सांगितलं. मी शेवट पाहिलाच नव्हता. तुम्ही सगळे गाड्यांमध्ये एकमेकांच्या गळ्यात पडला होतात तेव्हा मी शटर ओढून तुमच्या फ्राइजची कढई घासत होते. मला फक्त ऐकू आलं." ती मग हळूहळू डेनीकडे वळली. "तू पाहिला होतास. तू मला घरी न्यायला बापाच्या गाडीत थांबायचास."

"रोज," डेनी म्हणाला.

"अंगठी परत दिली तेव्हा का नाही बोललास?"

"मला वाटलं तू पाहिलाय. शेवट बघूनसुद्धा अंगठी परत करतेय, म्हणजे विषय संपला. नंतर तुझा बँड खाली बारमध्ये पहिल्यांदा वाजला ना, तेव्हा तू कुणालातरी तो शेवट सांगत होतीस. तेव्हा कळलं."

"मग तेव्हा सांगायचंस."

"कशाला? तू वाजवत होतीस की."

दर फेब्रुवारीतली ती पेगीच्या चिंध्या करणारी भाषणं अर्लीनला एकदम दुसऱ्या बाजूने दिसली: सिनेमा जिंकू नये, शेवट कुणाला दिसू नये म्हणून केलेली. आणि तिला रडू आलं नाही, राग आला.

"म्हणजे इतकी वर्षं तू मला सांभाळत होतास."

"हसले असते गं लोक."

"आत्ता हसलेच ना? मेले का मी?" ती सभागृहाकडे वळली. "हसा अजून. ज्याने हा सिनेमा लिहिला त्याला शेवटची दहा मिनिटं जमली नाहीत. भ्याला तो. पोरगी एवढी धावत आली आणि याने तिला पातेलं दिलं. मला ती दहा मिनिटं जमली. तुमच्यातल्या निम्म्यांच्या लग्नात मी तीच वाजवलीयेत, आणि तेव्हा तुम्ही टेबलांवर चढून नाचलात. स्टॅन, तू सासूसकट नाचलास. नाव मी मागे घेत नाही."

"पण नियम..." स्टॅन म्हणाला.

"घे की मत पुन्हा. पण सिनेमा अजून पुरा झालेला नाही. वॉल्ट, मागे घे. चर्चच्या दारापर्यंत."

संध्याकाळी तिथे एक लग्न होतं, त्यामुळे 'फ्रायडे फिश'चं सामान कोपऱ्यात झाकून ठेवलेलंच होतं. मार्जने चादर ओढली आणि काही न विचारता ड्रममागे जाऊन बसली. अर्लीनने तिला हातानेच थांबवलं. या तुकड्यात ड्रम नव्हते. डब्यातून कधीच ऐकू आले नव्हते.

पडद्यावर पेगीने झगा उचलला, पेगी धावली, आणि पाऊल हवेत असताना वॉल्टने चित्र थांबवलं. धावणारी पेगी भिंतीएवढी, आणि तिच्यासमोर लाल जाकिटातली, गुडघे दुखणारी अर्लीन. तिने वायर जोडली. स्पीकर एकदा गुरगुरला. मग तिने वाजवलं, जसं त्या भिंतीवरच्या पत्र्याच्या डब्यातून ऐकू यायचं तसं, थोडं फाटकं, वरच्या सुरात जरा जास्तच तीव्र. कुठलाही सूर पडद्यावरच्या त्या नवरदेवासारखा गोड लागू दिला नाही. शेवटचा सूर तिने सोडलाच नाही, तो आपोआप खिडक्यांच्या काचांत विरेपर्यंत धरून ठेवला.

मत पुन्हा झालं. बरण्या खाली बारमध्ये होत्या, म्हणून वॉल्टने पिरोगींचं रिकामं भांडं फिरवलं आणि 'लाऊड पेगी'ला हवं त्याने झाकण टाकावं असं सांगितलं. स्टॅनने टाकलं नाही. हाताची घडी घालून तो म्हणत राहिला की सिनेमा म्हणजे पडद्यावर असतो तेवढाच. डेनीने खिसे चाचपले. त्याच्याकडे झाकण नव्हतं, तो डॉक्टरने बिअर बंद केल्यापासून सोडा प्यायचा. शेवटी त्याने सोड्याच्या बाटलीचं प्लास्टिकचं बूच भांड्यात टाकलं.

"ते चालत नाही," स्टॅन म्हणाला.

"याचं चालतं," अर्लीन म्हणाली.

भांडं भरलं. फळीवर नाव रंगवताना वॉल्टला जागा कमी पडली, कारण अर्लीन मागे उभी राहून आणखी एक ओळ लिहून घेत होती. ती ओळ आजही तिथे आहे, कडेला दाटीवाटीने, शेवटची अक्षरं चौकटीवर चढलेली: 'लाऊड पेगी. शेवट: अर्लीन हाव्रानेक.'