खोली तिची

रुख्मिणीबाई म्हणजे तांड्याची सुईण. वारंगा फाट्याहून कोसभर आत असलेल्या या तांड्यातली निम्मी माणसं तिच्याच हातांवर जन्मली. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण म्हणून ती दवाखान्याच्या नावानं बोटं मोडत नाही. बायका जगतात, झालं! बाळंतिणीच्या खोलीचा कायदा मात्र अजून तिचाच चालतो. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला की तिला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, मग तो बाळाचा बाप का असेना.

चैत्रात बांधावरच्या जुन्या आंब्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी अंडी घालायला शिरली. चिखल आणि शीट कालवून तिनं आतून दार लिंपून घेतलं, चोच जाईल एवढीच फट ठेवली. नर दिवसभर आपल्या लांब वाकड्या चोचीतून उंबरं आणून तिला भरवी. आत मादीची पिसं झडतात, दार फोडलं तर तिला उडताही येत नाही, हे रुख्मिणीबाईला ठाऊक होतं.

ते तिच्या दिरालाही, धनसिंगलाही, ठाऊक होतं. त्याचे गुडघे धरले होते आणि धनेशाच्या चरबीच्या तेलानं ते सुटतात असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. जित्या पाखरात लोकांना आपलं औषध कसं दिसतं, देव जाणे! एका सकाळी तो शिडी अन् कुऱ्हाड घेऊन आला. रुख्मिणीबाई आधीच खोडाशी बसली होती. ढोलीखाली तिनं कडुलिंबाचा डहाळा बांधला होता.

"वैनी, सरका."

"न्हाई सरकत. डहाळा दिसून न्हाई राहिला का?"

"पाखराची कसली बाळंतीण?"

"तुझ्या बायकोच्या टायमाला आत घुसत होतास, तवा खराट्यानं हाकललं होतं. इसरला? लाव शिडी. खालून ओढलीच म्हून समज. मंग गुडघ्यासंगं कंबर बी जाईल."

"झाड माझ्या बांधावरचं हाय!"

"झाड तुझं. खोली तिची."

"अन् दार उघडायचं कवा?"

"ती उघडंल. आतून."

धनसिंग पाय आपटत राहिला, पण डहाळा ओलांडायची त्याची छाती झाली नाही.

तेव्हापासून ती रोज भाकर बांधून आंब्याखाली जाऊन बसे. डहाळा वाळला की नवा बांधी. तांडा हसला, हसू दे! ज्येष्ठात एका सकाळी दार आतून फुटलं आणि नव्या पिसांची मादी फांदीवर येऊन बसली. रुख्मिणीबाईनं डहाळा आपल्या हातानं सोडला.

मग तिळाचं तेल कोमट करून ती धनसिंगच्या ओट्यावर गेली. गुडघे चोळायला लागताच तो कळवळला.

"गप ऱ्हा," ती म्हणाली. "त्या बाईनं अंधारात दोन महिने काढले. एक शबुद काढला न्हाई तिनं."