तारखेची मोकळी जागा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका अर्जावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या फरीदाबादेत दुसरा झाला नसेल. केंद्र सरकारच्या नोकरीत त्यांची हयात दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली, आणि निवृत्त होऊन आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले ते सामानाबरोबर ऑफिसही घेऊनच. काकूंनी दिलेली किराण्याची यादीसुद्धा 'जिरं किती, खुलासा व्हावा' असा शेरा मारून परत जायची. काकू बिचाऱ्या खुलासा करायच्या, कारण त्याशिवाय घरात जिरं यायचं नाही.

मी तेव्हा जवळच्याच एका लहानशा शाळेत शिकवत होते. मुलं सगळी कारखान्यांतल्या कामगारांची. कुणीतरी दान दिलेले सहा कॉम्प्युटर चादरी पांघरून पडले होते, कारण इंटरनेटसाठी टेलिफोन ऑफिसवाले आमच्याकडे मागायचे तो दर बड्या ऑफिसांचा. मुलं वहीत कीबोर्ड काढून त्यावर बोटं आपटायची. नववीतली एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, हमारा वाला कब चलेगा?" हे मी घरी येऊन काकांना सांगितलं मात्र, म्हातारा पेटलाच. शाळांना सवलतीचा दर असतो, पण तो रीतसर कुणी मागतच नाही, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या तीन शाळांच्या मुख्याध्यापकांना चहाला बोलावून त्यांनी चौघांचा मिळून एक अर्ज तयार केला. एकट्या शाळेला गेटवरूनच परत पाठवतात, चौघं गेले की साहेब खुर्ची देतो, हा त्यांचा अनुभव.

अर्ज देखणा होता, पण त्यावर तारीखच नव्हती. मी तसं म्हटल्यावर काकांनी माझी कीव केली. "अगं, एक चूक मुद्दाम ठेवायची असते. साहेब ती शोधायला म्हणून तरी अख्खा अर्ज वाचतो."

आणि अगदी तस्संच झालं. टेलिफोन ऑफिसातल्या साहेबांनी चष्मा लावून अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि तारखेच्या जागी बोट ठेवलं. काका "बुढ़ापा, साहब" म्हणाले आणि तिथल्या तिथे तारीख घातली. अर्ज मंजूर! ज्या दिवशी शाळेतल्या चादरी निघाल्या, त्या दिवशी काका शेवटच्या बाकावर बसून होते. मी तर चक्क रडले.

सवलतीसाठी दरवर्षी नवा अर्ज लागायचा. काकू गेल्या, काका मुलीकडे नागपूरला राहायला गेले, तरी अर्ज तिथून पोस्टानं यायचा आणि मी तो नेऊन द्यायची. कुठेतरी एक जागा हमखास मोकळी. यंदाच्या अर्जावर मात्र तारीख नव्हती, शाळांची नावं नव्हती, सही नव्हती, आणि पहिलंच वाक्य अर्ध्यावर थांबलं होतं. मी हसतच फोन लावला. त्यांची मुलगी म्हणाली, "ताई, बाबांना आता काही आठवत नाही. मलाही ओळखत नाहीत कधी कधी. पण अर्जाचा कागद मात्र मागून घेतला."

मी बसून सगळं भरलं, त्यांच्याच भाषेत. फक्त तारीख सोडली.

साहेब तेच होते. त्यांनी अर्ज सावकाश वाचला, बोट मोकळ्या जागेवर आणलं आणि हसले. "मैडम, अंकल हर साल एक जगह छोड़ते थे। मैं भी हर साल ढूँढ़ता था।" मग त्यांनी विचारलं, "अंकल ठीक हैं न?" मी पहिल्या वाक्यावर बोट ठेवलं, अर्धं काकांच्या अक्षरात, अर्धं माझ्या. त्यांनी ते वाचलं, आणि आपलं पेन उघडून तारीख स्वतःच घातली.