जातो गो, वैनी

निघताना माणूस 'येतो' म्हणतो. तुम्ही म्हणता, मी म्हणते. आमच्या शेजारचे भाऊ मात्र चपलेत पाय सरकवत म्हणायचे, "जातो गो, वैनी." काळजात चर्र व्हायचं. दर वेळी मी त्यांना झापायची, आणि दर वेळी ते हसत परत यायचे.

भाऊ आमच्या पेणच्या गणपती कारखान्यांना पाट करून द्यायचे. त्यांच्या लेकीने मोबाइलवर लाटेवर फळी टाकून उभी राहिलेली माणसं दाखवली आणि या बाबाला पन्नाशीत खूळ लागलं. शिवणीच्या हलक्या लाकडाचा पुरुषभर लांब पाट केला, तळ रंध्याने जरासा खोलगट केला, वर अळशीचं तेल पाजलं. अशा फळीला खाली माशासारखा पर असतो म्हणे, दिशा धरायला. भाऊंनी तो लावलाच नाही. म्हणाले, "कड बरोबर काढली की तीच पाणी धरते. परबिर नाय लागत." पहिले दोन पाट नुसते गरगरले. ते मोडून त्यांच्या बायकोने पाणी तापवलं.

तिसरा घेऊन वडखळवरून अलिबागच्या बाजूला गेले. सोबतीला म्हणून बायकोने मलाही ओढलं. "जातो" म्हणून जे आत शिरले, ते एका मोठ्या लाटेमागे दिसेनातच. बायकोने माझं मनगट आवळलं. मी मेलीने सगळे देव आठवले. आणि मग पाट गर्रकन फिरला नि भाऊ आले, उभेच, पण पाठमोरे! आमच्याकडे पाठ, समुद्राकडे तोंड. मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना.

पुढे छातीचं ऑपरेशन निघालं. पनवेलला आत नेताना भाऊंचा चेहरा उतरला होता. हळूच म्हणाले, "येतो हां, वैनी."

इतकी वर्षं जातो म्हणून परत आलेला माणूस!

"भाऊ, नीट म्हणा. जातो म्हणा."

ते मग ओठाच्या कोपऱ्यात हसले. "जातो गो."

आले परत. छातीवरचे टाके बघून म्हणाले, सुतार बरा होता. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

यंदा दोघं कायमची लेकीकडे रत्नागिरीला गेली. गोधडीत गुंडाळलेला पाट टेम्पोत चढला. भाऊंनी चपलेत पाय सरकवला. "जातो गो, वैनी."

'या' अगदी जिभेवर आलं होतं. ते गिळलं, आणि जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं ते म्हटलं.

"जावा, भाऊ."