मुळगावचा सगुण आणि वहाळातलं यंत्र

सगुणने घासलेली समई मुळगावात लांबून ओळखू येते. ग्रामदेवीच्या देवळातली पितळेची उपकरणी उजळण्याचं काम त्याच्या घराकडे तीन पिढ्या चालत आलेलं आहे, आणि त्याच्या स्वतःच्या हाती ते आल्याला यंदाच्या चतुर्थीला एकोणचाळीस वर्षं झाली. दर शुक्रवारी सकाळी तो चाळलेली राख, चार आंबट बिंबलं आणि नारळाच्या सोडणाचा घासणा घेऊन देवळाच्या मागच्या पायरीवर बसतो. एकेक समई तासभर घेतो. त्याची बायको विमला म्हणते, "ह्यांका मातयेचा ढेकूळ दिला तरी घासून उजळ करतीत!"

त्याचं दुसरं काम मात्र वाडवडिलांकडून आलेलं नाही. घर बंधाऱ्याला सगळ्यात जवळ, एवढ्याच कारणाने ते त्याच्या गळ्यात पडलं. वहाळावरच्या बंधाऱ्यापासून वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी भाताच्या शेतांना पाट जातो. पाटाच्या तोंडाशी लाकडी फळ्या आहेत. फळ्या काढल्या की पाणी शेतात, घातल्या की वहाळाने सरळ खाली. दिसायला सोपं काम. पण वरच्या डोंगरावर खाणीच्या मातीचे जुने ढिगारे आहेत, आणि पाऊस पडला की ती लाल माती पाण्याबरोबर खाली येते.

पाच वर्षांपूर्वी मार्गशीर्षात अशीच एक अवकाळी सर येऊन गेली. शुक्रवार होता. सगुण देवळात समया घासत बसला होता आणि फळ्या काढलेल्या होत्या. तो धावत परतला तोवर लाल पाणी शिवदासच्या तरव्यात, म्हणजे भाताच्या रोपांच्या वाफ्यांत, शिरलं होतं. कोवळी रोपं चिखलाखाली गेली. चिखल वाळल्यावर त्याचा असा थर बसला की कुदळीने फोडावा लागला. शिवदास त्याचा लहानपणापासूनचा शेजारी. तो एक शब्द बोलला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर सगुणला बरं वाटलं असतं. त्या वर्षी शिवदासचं शेत पडीक राहिलं, आणि त्या बांधावरून जाताना सगुण मान खाली घालून चालू लागला.

म्हणून गेल्या वर्षी ढिगाऱ्यांच्या पायथ्याशी तीन तळ्या खणायला माणसं आली तेव्हा सगुण रोज दुपारी जाऊन उभा राहायचा. उतारावर काथ्याच्या जाड चटया अंथरल्या, तळ्यांच्या काठाने वाळ्याचं गवत लावलं. पाणी एका तळीतून दुसरीत झिरपत, वाटेत गाळ टाकत यायचं. मग यंदा नोव्हेंबरात डिचोलीची गौरवी आली. मुलगी इंजिनीयर, वय सव्वीस, हेल्मेटवर सुकलेल्या चिखलाचे शिंतोडे. तिने वहाळात हातभर लांबीची काळी नळी बसवली. नळीच्या टोकाला पारदर्शक खिडकी. तिच्यातून उजेड पाण्यात जातो, मातीचे कण तो परत फेकतात, आणि त्यावरून गढूळपणाचा आकडा सगुणच्या मोबाइलवर येतो. पन्नासच्या वर गेला की मोबाइल भोंग्यासारखा ओरडतो.

"काका, ह्या खिडकीवर शेवाळ धरता कामा नये. रोज साफ करत जा," गौरवीने सांगितलं.

"त्येची काळजी तू करू नको, बाय," सगुण म्हणाला.

सुरुवातीला आकडा नऊ-दहाच्या आसपास असायचा. सगुण तो सकाळच्या चहाबरोबर मोठ्याने वाचून दाखवायचा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो अठरा झाला, मग एकतीस, मग चव्वेचाळीस. अकरा तारखेला, पाववाला पोदेर सकाळचे उंडे देऊन नुकताच गेला होता, तेवढ्यात मोबाइल ओरडला. त्रेसष्ट. सगुणने हातातला उंडा बशीत टाकला आणि धावत जाऊन फळ्या घातल्या.

त्या दिवसापासून पाट कोरडा. दुसऱ्या दिवशी एकाहत्तर. तिसऱ्या दिवशी ऐंशी. तरव्यातली रोपं लावणीला दहाच दिवसांवर आलेली. चौथ्या दिवशी त्यांचे शेंडे पिवळे पडले आणि वाफ्यांत केसाएवढ्या भेगा दिसू लागल्या. तरवा मेला की गावाचं सगळं वायंगण गेलं, कारण दुसरं बी रुजवायला वेळच उरणार नव्हता.

विमलाची एक जुनी सवय होती. ती रोज वहाळाचं पाणी एका बाटलीत भरून घराच्या खिडकीत ठेवायची. संध्याकाळी तळाशी किती गाळ बसला ते बघायची आणि पाणी तुळशीला घालायची.

"ओ, हय या बघूया," पाचव्या दिवशी तिने बाटली उन्हात धरली. "तळाक कायच नाय. पाणी निवळ असा."

"डोळ्यांक निवळच दिसता. त्या वर्सा पण माका सकाळी निवळच दिसलेला."

"पण बाटली खोटा बोलात?"

"आणि यंत्र बोलात?" सगुण करवादला. मग आवाज उतरवून म्हणाला, "विमल, परत शिवदासाच्या तरव्यात लाल पाणी गेला तर मी त्येका तोंड खयचा दाखवू?"

शिवदास स्वतःच बांधावर येऊन उभा राहिला. कमरेवर हात. "सगुणा, फळी काढतलंस काय मी काढू?"

"ऐंशी दाखवता रे."

"दाखवूं दे! माझो तरवो सुकून गवत होता थंय, आणि तू त्या नळयेक नमस्कार घालीत बस!"

"एक दीस थांब. त्या बायेक फोन केलंय."

शिवदासने बांधावरचं एक ढेकूळ पायाने फोडलं. मग म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत. मग मी कोणाचा ऐकूचंय नाय."

गौरवी त्या आठवड्यात हरमलला होती. किनाऱ्यावरच्या शॅकांचं सांडपाणी जिवाणूंकरवी साफ करणारी टाकी तिथे बसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला ती स्कूटरवरून आली, तेव्हा शिवदास आधीच बांधावर येऊन उभा होता. सगुणने पहिल्यांदा विचारलं ते एवढंच, "बाय, वयल्यो तळयो फुटल्यो काय गो?"

"मी वरूनच येतेय, काका. तळ्या धड आहेत. गाळ पहिलीतच बसतोय."

तिने पिशवीतून मुठीएवढं दुसरं यंत्र काढलं आणि विमलाच्या बाटलीतलं पाणी त्यात ओतलं. आकडा आला आठ. मग वहाळाचं ताजं पाणी घेतलं. पुन्हा आठ. तिने काळी नळी पाण्याबाहेर काढली, खिडकी उन्हाकडे केली आणि डोळे बारीक करून पाहिलं. खिडकी दुधाळ झाली होती. तिच्यावर हजारो बारीक चरे होते, सगळे गोल गोल.

"काका, ही साफ कशाने करता?"

सगुण ताठ झाला. याबाबतीत कुणी त्याला बोल लावू शकत नव्हतं. "रोज सकाळी. चाळलेली राख, बिंबलाचो रस आणि सोडणाचो घासणो. धा मिनटां घासतंय. सुरवातीक बरी चकचकीत होय, आता जरा धुरकट झाली, म्हणून चार दीस जास्तीच घासतंय."

गौरवीने ती खिडकी शिवदासला दाखवली. मग शिवदासच्या पोटातून हसू वर येऊ लागलं आणि तो मटकन बांधावर बसला. "अरे मेल्या! ती काय देवीची समई? घासून घासून तू त्या यंत्राचे डोळे फोडलेस!"

गौरवी हसू दाबत म्हणाली, "चूक माझीच. साफ करा म्हटलं, कशाने ते सांगितलं नाही. हे नरम प्लास्टिक आहे, काका. चरे पडले की उजेड तिथूनच परत फिरतो, आणि यंत्राला वाटतं पाणी गढूळ."

सगुण हसला नाही. तो तिच्या हातातल्या आकड्याकडे बघत होता. "म्हणजे पाणी..."

"पाणी चांगलं आहे. मागच्या वर्षी ह्याच दिवसांत, तळ्या खणताना आमच्या माणसांनी मोजला तेव्हा, तुमच्या ह्या वहाळात बेचाळीस होता. आता आठ."

"आठ," सगुण म्हणाला. खाली बसून त्याने पंच्याने तोंड पुसलं, आणि बराच वेळ पुसत राहिला. विमला त्याच्या पाठीशी येऊन उभी राहिली. बाटलीचं नाव तिने काढलं नाही. ते तिने रात्रीच्या जेवणासाठी राखून ठेवलं होतं.

गौरवीच्या पिशवीत दुसरी खिडकी होती. ती बसवायला वीस मिनिटं लागली. मोबाइलवर नऊ आला. विमलाने आपल्या जुन्या सुती लुगड्याचा मऊ तुकडा फाडून आणला आणि नवऱ्याच्या हातात दिला. "ह्येनाच. आणि जोर लावू नकात."

मग सगुण आणि शिवदास दोघांनी मिळून फळ्या काढल्या. पाणी पाटात शिरलं, सुक्या पाचोळ्याला पुढे ढकलत गेलं. पहिल्या वाफ्यातल्या भेगा बुडबुडे सोडत भरल्या. सगुण बंधाऱ्यावर उभा राहून बघत होता. पाण्याखालची वाळू दिसत होती, आणि पाच वर्षांनी पहिल्यांदाच शिवदासच्या शेताकडे बघताना त्याची मान वर होती.

अर्ध्या तासाने खालून हाक आली. शिवदास घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून दोन्ही हात हलवत होता.

"सगुणा! पुरे रे आता, बुडवतलंस माका! फळी घाल!"